दोन हलक्या डाऊन बॅगा एकात एक

वर्षभरासाठी एकच जाड स्लीपिंग बॅग घ्यावी की दोन पातळ, असं तुम्ही विचारलंय. माझं मत दोन पातळच. सह्याद्रीतल्या हिवाळ्याला एक पुरते. डिसेंबरात उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखरावर (सुमारे ३,८०० मीटर) जाताना दोन्ही एकात एक घालायच्या.

फक्त बाहेरची बॅग चांगली ऐसपैस हवी. ऊब डाऊनमध्ये, म्हणजे बदक-हंसांच्या मऊ पिसांत, अडकलेल्या हवेची असते. बाहेरची घट्ट असली की आतलं डाऊन दबतं आणि ओझं वाहूनही थंडी वाजतेच. मी घरीच दोन्हींत शिरून गुडघे वाकवून पाहिलं, तर गुडघ्यापाशी फुगवटा पार चपटा झालेला हाताला लागला. लगेच मोठी बॅग घेतली.

अंगातली वाफ बाहेरच्या थरात गार होऊन पाणी धरते. म्हणून बाहेरची सिंथेटिक (कृत्रिम तंतू भरलेली) असेल तर उत्तम; डाऊन भिजलं की त्याच्या गुठळ्या होतात. दोन्ही डाऊनच्या असतील तर ऊन येताच बाहेरची उलटी करून वाळवा.

आणि मॅटवर कंजुषी नको, खरंच. पाठीखालचं डाऊन आपल्या वजनानं दबलेलंच असतं, जमिनीची थंडी मॅटच अडवते.

पावसाळ्यात सह्याद्रीत मात्र डाऊन नेऊच नका.