शनिवार-रविवारच्या शेतकऱ्याला कोणती बंदूक?

डोंगरपायथा
परवा इथे एका पुणेकर सभासदाने विचारलं होतं: संगमेश्वराजवळ दोन एकर घेऊन घर बांधलंय, रात्री डुकरं येतात, माकडं कौलं फोडतात, जागा एकांतात, तर दुनळी बारा बोर, म्हणजे छर्र्याची बंदूक, घ्यावी की .३१५ रायफल? त्यावर लोकांनी हौसेने इशापूर-कानपूरच्या सरकारी कारखान्यांतल्या बंदुकांची यादीच काढली. गप्प बसायचं ठरवलं होतं, जमलं नाही.

.३१५ ची गोळी डुकराला लागली नाही तर कुठे जाते, याचा कुणी विचार केलाय? आमच्याकडे दोन वाड्यांच्या मध्ये एक पऱ्या, म्हणजे ओढा, आणि थोडे काजू, एवढंच अंतर. बॅटरीच्या झोतात डोळे चमकले म्हणून चाप ओढलात, तर पलीकडे पडवीत कुणीतरी झोपलेलं असतं. छर्र्याचा जोर निदान लवकर सरतो. रायफलीची गोळी मैलभर लांबच्या माणसाचाही जीव घेते.

आणि मुख्य गोष्ट कुणी विचारलीच नाही. सोमवार ते शुक्रवार तुम्ही पुण्यात, मग बंदूक कुठे? बंद घरात ठेवलीत आणि चोरीला गेली, तर चोराच्या आधी तुम्हीच ठाण्यात बसाल. बरोबर नेलीत, तर मालक शनिवारी येणार आहे हे डुकरांना कोण कळवणार?

आमच्या घरी आजोबांपासून केपाची बंदूक आहे, नळीत तोंडाकडून दारू ठासून टोपीवर उडवायची, शेतीसंरक्षणाची. एक बार काढला की डुक्कर पऱ्यापार. तेवढं पुरतं.

बारबंद
केपाच्या बंदुकीचं हे कौतुक आता पुरे झालं. जून उजाडला की दारू सादळते, टोपी ओलावते, घोडा पडतो आणि नुसतं टक्. समोर डुक्कर. मामाच्या मांडीवरचा सुळ्याचा व्रण लहानपणापासून बघतोय, म्हणून बोलतो. दुसरा बार गजाने ठासेपर्यंत जखमी डुक्कर थांबत नसतं.

शिवाय दुनळी मोडून, म्हणजे सांध्यातून उघडून, बघितली की काडतूस आहे की नाही ते डोळ्यांना दिसतं. ठासणीच्या नळीत बार आहे का, हे गज आत घालून, तो बाहेर किती उरतो ते बघितल्याशिवाय कळत नाही. खुंटीला टांगलेल्या 'रिकाम्या' बंदुकीने किती घरं बुडवली ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. पुणेकरांनी दुनळीच घ्यावी, पण आधी चालवायला शिकावी. २०१६ च्या शस्त्र नियमांत प्रशिक्षणाचा दाखला आहे तो शोभेसाठी नाही.

रोहीग्रस्त
.३१५ ला नावं ठेवणाऱ्यांनी यवतमाळात येऊन आमच्या तुरीत एक रात्र जागली करावी. रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं धूड, कळपाने येतं, खातं कमी आणि तुडवतं जास्त. त्याला तुमचे छर्रे म्हणजे अक्षता! परवान्याला गेलो तर साहेब विचारतात, जिवाला धोका आहे का, कुणी धमकी दिली का? म्हटलं, रोह्याने दिली आहे, रोज रात्री देतो. अर्ज अजून तिथेच आहे.

बिहारात २०१६ साली मोकाम्याला नेमबाज बोलावून दोनशेच्या वर रोही मारले, सरकारी परवानगीने. त्यावर मनेका गांधी आणि तेव्हाचे पर्यावरणमंत्री जावडेकर या एकाच सरकारातल्या दोन मंत्र्यांची जाहीर जुंपली होती. आमच्यासाठी कोण भांडतंय?

पानगळ
इथे कुणालाच कायदा आठवत नाही याची गंमत वाटते. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात डुक्कर संरक्षित आहे. पिकाचं नुकसान होत असेल तर कलम ११ खाली वनखात्याची परवानगी घ्यायची, मग पुढचं. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तीत आपलं लाल तोंडाचं माकड (बॉनेट मकाक) थेट पहिल्या, सर्वांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीत गेलंय. कौलं फोडली म्हणून बार काढलात तर वकील शोधा.

आणि बंदुकीवर कसले वाद घालताय? फासक्यांत बिबटे मरतात, विदर्भात तारेत चोरून वीज सोडतात त्यात वाघ मरतात, माणसंही मरतात. त्यावर एक अक्षर नाही.

रोहीग्रस्त
तारेचं समर्थन करणार नाही, आमच्या शिवारातला पोरगा त्यातच गेला. पण माणूस तारेपर्यंत का जातो? सरळ वाटेने बंदूक मिळाली असती, परवानगी वेळेत आली असती, तर कुणाला हौस होती? केरळने २०२२ मध्ये डुकरांच्या परवानगीचा अधिकार पंचायतींना दिला. आपल्याकडे पंचनाम्याला माणूस येईपर्यंत पीक पुन्हा उगवतं.

पानगळ
केरळचं मान्य. तिथे सरपंच सही करतो, म्हणजे जबाबदारी कुणाची ते कळतं तरी. याहून जास्त मान्य करून घ्यायचा प्रयत्न करू नका.

काजूबाग
तुमचं चालू द्या. माझा प्रश्न सोपा आहे: बंदूक हातात असते कधी? १६ मार्च २०२४ ला आचारसंहिता लागली. लगेच पोलिसांची गाडी दारात, हत्यार जमा करा. काजू-आंब्याचा अख्खा हंगाम बंदूक ठाण्यात आणि मी बागेत डबा वाजवतोय. आमचं मतदान ७ मेला उरकलं, पण आचारसंहिता जूनपर्यंत. भात कापायला आलं तोवर १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता. पुन्हा जमा!

परत मिळाली ती बघा. ठाण्याच्या मागच्या खोलीत सगळ्या बंदुका लाकडांसारख्या एकावर एक रचलेल्या, चापाच्या कडीला दोऱ्याने बांधलेली नावाची चिठ्ठी. माझ्या नळीला आतून तांबूस पूड, दस्त्यावर वाळवीची माती आणि गज दुसऱ्याच कुणाचा, चार बोटं आखूड.

बारबंद
गज आखूड आला म्हणजे भयंकर आहे, त्यावर रिकाम्या नळीची खूण कोरलेली असते. पण सरसकट जमा करा असं निवडणूक आयोग म्हणतच नाही. छाननी समितीने एकेक परवाना बघायचा, ज्याच्यापासून धोका त्याचीच घ्यायची. लेखी मागा.

काजूबाग
लेखी मागितलं. हवालदार म्हणाला, "काका, लेखी देतो, पण आधी जमा करा."

डोंगरपायथा
हे मात्र खरं. आमचीही जाते. जामिनावर सुटलेला पुढारी प्रचाराला मोकळा आणि सत्तरीच्या म्हाताऱ्याची ठासणी सरकारजमा. दुनळी असती तर ठेवू दिली असती का, हे बारबंदांनी सांगावं.

बारबंद
दुनळीही जातेच. खूश?

तिलारीकर
माका एक सांगा, ह्या सगळ्यात हत्तीचा काय? वीस वर्सांच्या वर झाली, टस्कर येता, माड मोडून आतलो गाभो खाता. तेका बारा बोर दाखवू की रायफल? फटाके लावले तर आमच्याच मागे लागता. डुकरां परवडली रे बाबा.

पानगळ
हत्तीचा विषय इथे आणू नका, त्याला वेगळा धागा लागेल.

तिलारीकर
हत्ती धागो बघून येणा नाय.

शेतघर_नवे
मूळ प्रश्न माझा होता, विसरला असाल तर आठवण. पुण्याचा आहे म्हणून एवढं ऐकवायची गरज नव्हती, माझे आजोबा देवरुखचे. डोंगरपायथा म्हणतात ते बंद घराचं एक पटलं, बाकी सूर नाही पटला. आठवडाभर घर रिकामं असताना आत बंदूक ठेवण्यात अर्थ नाही, तेव्हा अर्ज करत नाही. सौरकुंपण घालतो आणि दोन कुत्रे पाळतो. आता समाधान?

डोंगरपायथा
कुंपण उत्तम. फक्त वेली चढल्या की झटका मरतो, दर पंधरवड्याला कोयती मारावी लागेल. शनिवारी कराल म्हणा.

रोहीग्रस्त
आणि कुत्र्यांना आठवडाभर जेवायला कोण घालणार?

काजूबाग
जेवायला घालायची पाळीच येणार नाही, बिबट्या आधी नेईल. आमचे दोन पडवीतून नेले. ते जाऊ दे, बारबंद, नळीतला गंज काढायला काय वापरता ते सांगा. पुढची आचारसंहिता लागली की परत ठाण्यात टाकायची आहे, निदान आतून तेल पाजून पाठवतो.