मर्मेड इनमधली ती मोलकरीण

इंग्लंडमधल्या राय गावच्या मर्मेड इन या सराईच्या १६ नंबरच्या खोलीत तलवारबाजांची भुतं लढतात, हरलेल्याचं प्रेत चोरदारातून खाली टाकतात, अशी गोष्ट सांगतात. मला मात्र तिथल्या मोलकरणीची कथा जास्त छळते. तस्करावर जीव जडला, नको ते कळलं, म्हणून टोळीनेच तिला संपवलं म्हणतात. भुतांचं राहू द्या, पण तस्करांची ती हॉकहर्स्ट टोळी खरीच होती! भरलेली पिस्तुलं टेबलावर ठेवून ती माणसं इथे दारू प्यायची. म्होरक्या थॉमस किंग्समिल १७४९ मध्ये फासावर गेला. तोवर मध्यरात्री पावलं वाजली, तर भूत असेल म्हणून कूस बदलणंच गावकऱ्यांना परवडत असणार.