रिम ब्रेकच्या सायकलला टीपीयू ट्यूब बसवण्याबाबत सल्ला हवा आहे

सह्यचाक (धागाकर्ता)

नमस्कार. मी पुण्यात राहतो आणि लांब पल्ल्याच्या बीआरएम राइडसाठी, म्हणजे ठरावीक वेळेत अंतर पूर्ण करायच्या राइडसाठी, ॲल्युमिनियम रिम आणि रिम ब्रेक (थेट चाकाच्या रिमवर दाबणारे) असलेली रोड सायकल वापरतो. टायर ७०० × २५ मापाचे असून सध्या त्यात साध्या ब्युटाइल रबराच्या ट्यूब आहेत, ज्यांचे वजन प्रत्येकी १०५ ग्रॅमच्या आसपास भरते. थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनच्या, म्हणजे टीपीयूच्या ट्यूब ३५ ते ४० ग्रॅमच्या असतात आणि त्याने सायकल हलकी धावते, असे बरेच जण सांगतात. येत्या हंगामात ३०० किलोमीटरची राइड करायची आहे आणि सरावासाठी महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी घाटाने उतरण्याचाही विचार आहे. घाटात रिम तापते तेव्हा या प्लास्टिकच्या ट्यूब टिकतात का? त्या बसवण्याची पद्धत रबरी ट्यूबपेक्षा वेगळी आहे का? आणि महामार्गावरच्या पंक्चरच्या दुकानात त्या दुरुस्त होतात का? ज्यांनी स्वतः वापरल्या आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

आडवाट

प्रथम वजनाचा हिशेब स्पष्ट करतो, कारण अपेक्षा तिथेच चुकतात. दोन्ही ट्यूब मिळून सुमारे १३० ग्रॅम वाचतात. स्वार, सायकल आणि सामान यांचे एकत्रित वजन ८० किलो धरले तर ही बचत हजारात दीड-पावणेदोन भाग एवढीच असते आणि तासाभराच्या चढाईत तिने साधारण सहा सेकंद वाचतात. केवळ चढासाठी म्हणून या ट्यूब घेऊ नयेत. त्यांचा खरा लाभ दोन ठिकाणी आहे. टायर रस्त्यावर दबतो आणि पुन्हा पूर्ववत होतो तेव्हा साध्या ब्युटाइल ट्यूबमध्ये जितकी ऊर्जा वाया जाते तितकी टीपीयूमध्ये जात नाही, त्यामुळे चाक थोडे मोकळे धावते. या बाबतीत लेटेक्स (पातळ नैसर्गिक रबराची) ट्यूब उत्तमच असते, पण तिची हवा रातोरात उतरते आणि लांब राइडमध्ये ती पुन्हापुन्हा भरत बसावी लागते. टीपीयू हवा चांगली धरून ठेवते. दुसरा लाभ जागेचा: घडी घातलेली ट्यूब जर्सीच्या खिशाच्या एका कोपऱ्यात मावते.

आता उष्णतेविषयी. ८० किलो वजन १,००० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे ७८४ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी खर्च व्हावी लागते. जो वेगाने उतरतो त्याची बरीचशी ऊर्जा हवेच्या विरोधात जाते. जो सावधपणे, ब्रेक धरून सावकाश उतरतो त्याची ऊर्जा मात्र उष्णतेच्या रूपाने ब्रेकच्या पॅडमध्ये आणि रिममध्ये साठते, आणि ट्यूब त्या रिमला चिकटूनच असते. महाबळेश्वरची उंची सुमारे १,३५० मीटर आहे आणि पोलादपूर कोकणाच्या तळाशी आहे, म्हणजे आंबेनळीचा उतार या हिशेबाच्याही पुढे जातो. त्यात वळणे अरुंद, समोरून एसटी किंवा ट्रक येण्याची शक्यता कायमची, त्यामुळे ब्रेक सोडून उतरण्याची मुभा फारशी नसते. टीपीयू हे उष्णतेने मऊ होणारे प्लास्टिक आहे. ब्युटाइल रबर व्हल्कनाइझ (प्रक्रिया करून कायमचे पक्के) केलेले असल्यामुळे ते तसे मऊ पडत नाही. म्हणून उत्पादकाने रिम ब्रेकसाठी परवानगी दिली आहे का, हे पाकिटावर वाचल्याशिवाय ट्यूब विकत घेऊ नये. ऑस्ट्रियाच्या टुबोलिटो कंपनीची सर्वात हलकी ‘एस-ट्युबो’ मालिका केवळ डिस्क ब्रेकसाठी (ज्यात उष्णता रिमऐवजी वेगळ्या चकतीत जाते) आहे, तर श्वाल्बे या टायर कंपनीने बीएएसएफ या रसायन कंपनीबरोबर विकसित केलेली ‘एरोथॅन’ रिम ब्रेकलाही चालते. ज्या स्वस्त ट्यूबच्या पाकिटावर याविषयी एक शब्दही नसतो, ती डिस्क ब्रेकपुरतीच आहे असे मी समजतो. कार्बन रिम असती तर मी रिम ब्रेकवर टीपीयूचा विचारच करू नका असे सांगितले असते, कारण कार्बन ॲल्युमिनियमइतक्या लवकर उष्णता बाहेर टाकत नाही.

बसवण्याची पद्धत निश्चितच वेगळी आहे. रबर ताणले तरी हवा काढल्यावर मूळ मापावर येते, टीपीयू एका मर्यादेपुढे ताणले की तसेच राहते. म्हणून टायरच्या बाहेर ट्यूबमध्ये केवळ गोल आकार येईल इतकीच हवा भरावी, तीही तोंडाने फुंकून किंवा हातपंपाच्या एक-दोन हलक्या दाबांनी. मोठा फ्लोअर पंप लावून ट्यूब तपासण्याची सवय इथे पूर्णपणे सोडावी लागते.

त्याआधी रिमची तयारी करणे अधिक महत्त्वाचे आहे. रिम टेप सरकलेली असेल, स्पोकच्या भोकाची कड उघडी राहिली असेल किंवा कडक प्लास्टिकच्या पट्टीची धार वर आली असेल, तर जाड ब्युटाइल ट्यूब ते सहन करते, पण टीपीयू दाबाखाली त्या भोकात फुगून शिरते आणि काही दिवसांनी तिथेच फाटते. बोट फिरवून संपूर्ण रिम तपासा, आणि जराही शंका आली तर जुनी टेप काढून रिमच्या रुंदीची नवी, गुळगुळीत, चिकट टेप लावा. टायरच्या आतूनही हात फिरवून बाभळीचा काटा, काच किंवा ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली बारीक तार अडकलेली नाही याची खात्री करून घ्या. या तारा महामार्गाच्या कडेला इतक्या असतात आणि इतक्या बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत, कापसाचा बोळा फिरवला की त्याचे धागे अडकून जागा कळते.

टायर चढवताना व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूपासून सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी शेवट करावा, म्हणजे टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरून सैल मिळते. शेवटचा भाग शक्यतो अंगठ्यांनीच चढवा, टायर लिव्हरखाली (टायर उचकटायच्या पट्टीखाली) ही पातळ ट्यूब फार सहज चिमटते. त्यानंतर व्हॉल्व्ह थोडा आत ढकलून ट्यूब कडेखाली अडकलेली नाही ना ते पाहा आणि दोन्ही बाजूंनी टायर दाबून चाकभर नजर फिरवा. प्रथम अर्धाच दाब भरून थांबावे, टायर सर्वत्र सारखा बसला आहे हे पाहावे आणि मगच पूर्ण दाब द्यावा.

दोनचाकी

व्हॉल्व्हविषयी भर घालतो. अनेक टीपीयू ट्यूबचा व्हॉल्व्ह प्लास्टिकचा आणि बाहेरून गुळगुळीत असतो, त्यामुळे पंपाचे तोंड त्याला नीट पकडत नाही आणि घाईत ओढले की व्हॉल्व्ह वाकतो. व्हॉल्व्ह आणि ट्यूब यांचा जोड हीच या ट्यूबची सर्वात नाजूक जागा आहे, त्यामुळे पंप सरळ लावावा आणि काढताना दुसऱ्या हाताने व्हॉल्व्हला आधार द्यावा. आटे असलेल्या व्हॉल्व्हची चकती पाना लावून घट्ट करू नये. रिमचे भोक श्रेडर (मोटारसायकलसारख्या जाड) व्हॉल्व्हच्या मापाचे असेल तर प्रेस्टा (रोड सायकलचा बारीक) व्हॉल्व्ह त्यात हलतो, तेव्हा मधली मोकळी जागा भरणारे छोटे कडे बसवणे आवश्यक आहे.

सह्यचाक

आपल्या दोघांचेही मनःपूर्वक आभार. पंक्चरचा प्रश्न तेवढा राहिला. शिवाय टायर बदलला तर तीच ट्यूब पुन्हा वापरता येते का?

आडवाट

आपल्याकडचे पंक्चरवाले रबराचे काम उत्तम करतात, पण त्यांचे नेहमीचे सोल्यूशन आणि पॅच टीपीयूला धरत नाहीत, आणि गरम साच्यात दाबून पॅच बसवण्याची पद्धत तर ही ट्यूब वितळवून टाकते. दुकानात चाक दिले तर ट्यूब कशाची आहे हे आधी सांगावे. या ट्यूबसाठी वेगळे पॅच मिळतात, ते सोबत ठेवावेत. भोकाभोवतीचा भाग स्पिरिटच्या पुसणीने स्वच्छ करून पूर्ण वाळू द्यावा, पॅच लावून काही वेळ घट्ट दाबून धरावा आणि त्यानंतर टायरबाहेर ट्यूब फुगवून पाहू नये, कारण आधार नसलेल्या ट्यूबवर पॅचची कड उचलते. पावसात, ओल्या हातांनी, रस्त्याच्या कडेला हे काम नीट होत नाही, त्यामुळे राइडमध्ये ट्यूब बदलावी आणि पॅच घरी लावावा. एकदा दाबाखाली राहिलेली ट्यूब थोडी मोठी झालेली असते. ती त्याच मापाच्या किंवा थोड्या रुंद टायरमध्ये चालते, पण अरुंद टायरमध्ये तिच्या घड्या पडतात आणि घडीच्या जागी ती फुटते.

तुमच्या सायकलपुरते माझे मत सांगायचे तर दोन्ही चाकांत सध्याच्याच ब्युटाइल ट्यूब ठेवा आणि टीपीयूच्या दोन ट्यूब पिशवीत राखीव म्हणून बाळगा, पण त्याही रिम ब्रेकला चालणाऱ्याच घ्या, कारण घाटाच्या माथ्यावर पंक्चर झाले तर तीच ट्यूब घालून खाली उतरावे लागेल. तरीही चाकात टीपीयू हवीच असेल तर सुरुवात मागच्या चाकापासून करा. उतारावर वजन पुढे सरकते आणि खरे ब्रेकिंग पुढच्या चाकावर होते, त्यामुळे पुढची रिम जास्त तापते, आणि पुढचे टायर अचानक बसले तर सायकल सावरणे फार कठीण असते. घाटात ब्रेक सतत घासत ठेवण्याऐवजी वळणाआधी जोरात धरून पुन्हा पूर्ण सोडावा आणि पुढचा-मागचा दोन्ही वापरावेत. दीर्घ उतारावर मध्ये थांबून रिमच्या जवळ हात नेऊन उष्णता पाहावी, रिमला बोट लावू नये.

दोनचाकी

राखीव ट्यूब पिशवीत ठेवताना ती जाड कापडाच्या वेगळ्या पुडीत गुंडाळावी. टायर लिव्हर आणि ॲलन-कीच्या संचाबरोबर मोकळी ठेवलेली टीपीयू ट्यूब घर्षणाने वापरण्यापूर्वीच भोके पडून निकामी होते. ३०० किलोमीटरच्या राइडसाठी वेळेची मर्यादा २० तासांची असते, म्हणजे ट्यूब अंधारातही बदलावी लागू शकते, तेव्हा राखीव ट्यूबपैकी एक घरीच एकदा बसवून, पूर्ण दाब देऊन, एक रात्र ठेवून पाहा. सकाळी हवा तशीच असेल तर ती काढून पुन्हा पुडीत ठेवा. ती पुन्हा २५ मापाच्याच टायरमध्ये जाणार असल्यामुळे थोडी वाढली तरी अडचण नाही, आणि बसवण्याचा सरावही अंधारात रस्त्यावर नव्हे तर घरच्या उजेडात होईल.