स्ट्रोकनंतर चालायला रोबोट, खरंच फरक पडतो का?

धाकटी_लेक: बाबांना स्ट्रोक येऊन सात आठवडे झाले, उजवी बाजू गेलीये. धरलं तर उभे राहतात पण पाऊल उचलत नाही, पंजा खाली लोंबतो. फिजिओ म्हणतायत हार्नेस (वजन पेलायला वरून टांगलेले, अंगाला बांधायचे पट्टे) लावून रोबोटिक ट्रेडमिलवर चालवूया. काकांचं म्हणणं, मशीनच पाय हलवणार तर हा काय शिकणार? घरात दोन तट पडलेत. कुणाचा अनुभव?

निवांत_फिजिओ: काकांची शंका रास्त आहे हो. लोकोमॅटसारख्या मशीनमध्ये मांडीला नि नडगीला पट्टे बांधतात, पुढचं मोटर बघते, पेशंट नुसता लटकून राहिला तरी पावलं मस्त पडतात. म्हणून मशीनची मदत हळूहळू कमी करत न्यायची असते, ती करतायत का हे विचारा. फायदा म्हणजे पावलांची संख्या, एका सेशनला शेकडो होतात, तेवढी हाताने करून घ्यायची तर आमच्या दोघांची कंबर जाते 😀 कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने बऱ्याच ट्रायल्स एकत्र तपासल्यात. नेहमीच्या फिजिओला मशीनची जोड दिली तर आधाराशिवाय चालू लागण्याची शक्यता वाढते आणि जास्त फायदा पहिल्या 3 महिन्यांत, तोही अजून चालता न येणाऱ्यांना. तुमचे बाबा त्यातच बसतात की. चालायचा वेग मात्र याने फारसा वाढत नाही.

काठीवाला: मी स्वतः पेशंट. मशीनवर हिरो, खाली उतरलो की पाय फरपटत, पहिले काही दिवस असंच चाललं. मशीनवर वळायचं नसतं, उंबरठा नसतो, तोल हार्नेस सांभाळतो, त्यामुळे उतरल्यावर लगेच जमिनीवर चार पावलं तरी टाकायला लावा. अजून एक, पट्ट्याने माझी नडगी सोलली होती आणि पाय बधिर असल्याने मला पत्ताच नाही, घरी मोजा काढला तर आत रक्त. रोज उतरल्यावर पाय बघत जा.

धाकटी_लेक: बापरे, हे सांगितलंत बरं केलंत. बाबांची हाडं ठिसूळ आहेत, चालेल का?

निवांत_फिजिओ: हे आधी सांगायचं ना ताई! जास्त ठिसूळ असतील तर मशीनमध्ये बांधतच नाहीत. रिपोर्ट दाखवून डॉक्टरांना विचारा, त्यांनी हो म्हटल्याशिवाय सुरू करू नका.