सायक्लोक्रॉसवाले रोडवर नक्की कुठल्या रेसमध्ये चालतात?

प्रश्न: व्हॅन डर पूल, व्हॅन आर्ट हे सायकलपटू दोघंही सायक्लोक्रॉसमधून (चिखल-गवतातली सायकल रेस) आलेले आणि वसंतातल्या क्लासिक्स (एका दिवसाच्या मोठ्या रोड रेस) गाजवतात, मग टूर द फ्रान्ससारख्या तीन आठवड्यांच्या रेसमध्ये एकूण विजेतेपदासाठी का दिसत नाहीत?

उत्तर १: सायक्लोक्रॉसची रेस जेमतेम तासाभराची असते, त्यात सतत ब्रेक, वळण, आणि लगेच परत पूर्ण जोर. बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या दगडी चढांवर अगदी हेच लागतं, मिनिट-दोन मिनिटांचा स्फोट आणि घसरणाऱ्या चाकावर ताबा. व्हॅन डर पूलने पॅरिस-रूबे ही दगडी रस्त्यांची क्लासिक २०२३, २०२४, २०२५ अशी सलग तीनदा मारली ती उगाच नाही. पण अल्प्समध्ये चाळीस-पन्नास मिनिटं एका लयीत चढायचं तर त्याचं ७५ किलोच्या आसपासचं वजन आड येतं हो.

उत्तर २: वजनाचं पटलं, पण व्हॅन आर्टला विसरू नका! २०२१ च्या टूरमध्ये व्हाँतू डोंगरवाला स्टेज (एका दिवसाचा टप्पा), टाइम ट्रायल (एकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत) आणि पॅरिसच्या शाँझेलिझेवरचा स्प्रिंट, तिन्ही त्यानेच जिंकले, असा रायडर मी तरी दुसरा बघितला नाही.

उत्तर ३: पिडकॉक हाही सायक्लोक्रॉसवाला, पण हलका आहे म्हणून त्याचं गणित वेगळं. २०२२ च्या टूरमध्ये गॅलिबिए घाट उतरताना काय सुटला होता, आणि मग आल्प द्युएझच्या चढावरचा स्टेज जिंकला. २०२५ च्या व्हुएल्टात (स्पेनची तीन आठवड्यांची रेस) तर तिसरा आला. आणि बायकांमध्ये फेराँ-प्रेव्हो बघा ना, २०१५ ची सायक्लोक्रॉस वर्ल्ड चॅम्पियन, २०२५ ला थेट महिलांची टूरच जिंकली.