घराजवळची शाळा की स्पॅनिश इमर्शन? शुक्रवारपर्यंत कळवायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमची लेक येत्या ऑगस्टमध्ये किंडरगार्टनला जाईल. आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. इथे १ सप्टेंबरपर्यंत पाच वर्षं पूर्ण लागतात, तिची गेल्याच महिन्यात झाली. तेव्हा वयाचा प्रश्न नाही. प्रश्न शाळेचा आहे आणि दोन दिवस आम्हा दोघांना दुसरं काही सुचत नाहीये.

हिवाळ्यात आम्ही स्कूल डिस्ट्रिक्टच्या स्पॅनिश ड्युअल इमर्शनची, म्हणजे स्पॅनिश आणि इंग्लिश दोन्हींत शिकवणाऱ्या शाळेची, लॉटरी भरली होती. नंबर लागेल असं वाटलंच नव्हतं. परवा ईमेल आला, लागलाय! पुढच्या शुक्रवारी पाच वाजेपर्यंत हो किंवा नाही कळवायचं, नाहीतर जागा वेटलिस्टवरच्या पुढच्या मुलाला जाणार.

घराजवळची शाळा चालत सहा मिनिटांवर आहे. तिच्याच मैदानावर लेक सायकल शिकली. शेजारची जुळी मुलं तिथेच जाणार आहेत आणि रोज संध्याकाळी ही तिघं एकत्रच असतात. किंडरगार्टन मात्र अर्ध्या दिवसाचं, पावणेबाराला सुटतं. आफ्टरकेअरला, म्हणजे शाळा सुटल्यावर मुलं सांभाळायच्या सोयीला, आम्ही वेटलिस्टवर सहावे. शाळाशोधाच्या एका वेबसाइटवर तिला दहापैकी पाच गुण दिसतात. नवऱ्याला त्याचं काही नाही. मला मात्र तो पाचाचा आकडा रात्री डोळ्यांसमोर येतो, खरं सांगते.

इमर्शनची शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला. सकाळच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास धरायचा. बस नाही, मर्जीने निवडलेल्या शाळेत आपणच पोचवायचं. दिवस पूर्ण आहे, अडीचपर्यंत. पद्धत ९०-१० ची, म्हणजे किंडरगार्टनमध्ये नव्वद टक्के वेळ स्पॅनिश आणि दहा टक्के इंग्लिश. मग दरवर्षी इंग्लिशचा वाटा वाढत जाऊन वरच्या वर्गांत अर्धं-अर्धं. लिहा-वाचायलाही आधी स्पॅनिशमध्येच शिकवतात.

मी वर्ग बघून आले. एक मुलगा बाईंची बाही ओढत इंग्लिशमध्ये सांगत होता की त्याची पाण्याची बाटली उघडत नाही. बाईंनी बाटली हातात घेतली, पण उघडली नाही. झाकणावर बोट ठेवून स्पॅनिशमध्ये हळूहळू काहीतरी विचारलं, दोनदा, तिसऱ्यांदा. मुलगा थांबला, विचार केला आणि एकच शब्द बोलला. बाईंचा चेहरा असा फुलला की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. तिथून निघताना मी मनात होच म्हणून टाकलं होतं.

पण घरी आले आणि लेक म्हणाली, "आई, माझं चप्पल हरवला." तिचं मराठी हे असं आहे. आजीशी व्हिडिओ कॉलवर भरभरून बोलते, पण लिंगाचा घोळ होतो, आणि प्रीस्कूल सुरू झाल्यापासून वाक्याचं शेपूट इंग्लिशमध्ये जायला लागलंय. आता दिवसाचे सहा तास स्पॅनिश, मैत्रिणींशी इंग्लिश, मग मराठीला उरलं काय? आपल्या भाषेसाठी आपण एवढी धडपड कधी केली नाही आणि तिसरीसाठी रोज तासभर गाडी चालवणार, हे मला आतून टोचतंय.

(एका चार्टर शाळेचाही अर्ज भरला होता. तिथे वेटलिस्टवर एक्केचाळीसावा नंबर आहे, त्यामुळे तो विषय बाजूला ठेवते.)

तर ज्यांची मुलं इमर्शनमध्ये आहेत किंवा होती, त्यांनी कृपया सांगा: घरातल्या मराठीचं काय झालं? एक-दोन वर्षांनी जमलं नाही तर परत येता येतं का? आणि ज्यांनी जवळची शाळा घेतली, त्यांना पुढे हळहळ वाटली का? नवरा म्हणतो तू ठरव, मी दोन्हींत खूश आहे. त्याने मला अजूनच जड जातंय.

प्रतिसाद १

माझा मोठा पाचवीत आहे आणि धाकटी दुसरीत, दोघंही इमर्शनमध्ये. तेव्हा अनुभवाचं सांगते.

मराठी गेली नाही. उलट एक गंमत झाली. स्पॅनिशचे त आणि द आपल्यासारखेच दातांवरचे, इंग्लिशसारखे नाहीत. मोठ्याचं "दादा" आणि "ताट" सुधारलं ते शाळेमुळे. टेबल स्त्रीलिंगी आणि पुस्तक पुल्लिंगी असं शाळेतही असतं म्हटल्यावर मराठीतल्या "तो-ती-ते"वरची कुरकुरही थांबली. पण हे आपोआप झालं असं समजू नका. आमच्याकडे गाडीत फक्त मराठी असा नियम आहे, जाताना गोष्ट आणि येताना दिवसभराचा वृत्तांत. तो प्रवास नसता तर आमच्या घरी मराठी टिकली असती का, मला शंका आहे.

अवघड वर्ष दुसरीचं. शेजारची मुलं जाडजूड इंग्लिश पुस्तकं वाचायला लागतात आणि आपलं मूल इंग्लिश वाचताना अडखळतं. ९०-१० मध्ये ते अपेक्षितच असतं. शाळेने आधी सांगितलं होतं, तरी मी रडले होते. चौथीत मोठा बरोबरीला आला. पण मधेच दुसरीत काढून इंग्लिश शाळेत घातलं, तर मूल दोन्हीकडून अर्धवट राहतं. म्हणून मी सगळ्यांना सांगते, पाचवीपर्यंत राहायची तयारी असेल तरच घ्या. "करून बघू" म्हणून घेऊ नका. उलट बाजूने दारही बंदच असतं. पहिलीनंतर नव्याने यायचं तर बहुतेक ठिकाणी भाषेची परीक्षा घेतात. म्हणून घाई वाटते, ते मी समजू शकते.

आणि वाढदिवसांचं कोणी सांगत नाही म्हणून सांगते. मित्र शहरभर विखुरलेले असतात. शनिवार-रविवार मी ड्रायव्हरच असते.

प्रतिसाद २

आधी त्या पाचाचा आकडा डोक्यातून काढा, ताई.

तो आकडा मुख्यतः राज्याच्या परीक्षेवरून काढतात आणि ती परीक्षा तिसरीपासून सुरू होते, तिसरी ते आठवी आणि मग अकरावी. म्हणजे त्या आकड्यात किंडरगार्टन, पहिली, दुसरीच्या बाईंचं काम थेट कुठेच नाही. शिवाय गुण घरच्या परिस्थितीबरोबर फार हलतात. ज्या शाळेत इंग्लिश नव्याने शिकणारी मुलं जास्त, तिचा आकडा खाली दिसतो, शिकवणं उत्तम असलं तरी. राज्याच्या स्कूल डॅशबोर्डवर जाऊन बघा. तिथे गेल्या वर्षीपेक्षा शाळा वर गेली की खाली आली तेही कळतं, आणि मुलांचे गट वेगवेगळे दाखवलेले असतात.

आम्ही उलटा प्रवास केला. मुलगा चार्टरमध्ये होता, प्रोजेक्टवर शिकवणारी छान शाळा. फी नाही, सरकारी पैशावरच चालते, फक्त कारभार वेगळा. चार्टर, म्हणजे शाळा चालवायची परवानगी, एकदा मिळालं की जास्तीत जास्त पाच वर्षांचं, मग नूतनीकरण. आमच्या तिसऱ्या वर्षी मुख्याध्यापक बदलले, पाठोपाठ चार शिक्षक गेले. पालकांनी तास देण्याची अपेक्षाही वाढत गेली. कायद्याने प्रवेशासाठी तशी सक्ती करता येत नाही, पण भीड मोडून कोण नाही म्हणणार? शेवटी गल्लीतल्या शाळेत आणलं. पहिल्याच आठवड्यात तो एकटा घरी चालत आला, हातात कुठूनतरी उचललेली काठी, बुटांत वाळू. तसा खूश मी त्याला दोन वर्षांत पाहिला नव्हता.

एक काम मात्र आजच करा. डिस्ट्रिक्टच्या एनरोलमेंट ऑफिसला फोन करून विचारा, की इमर्शन घेऊन मधेच सोडलं तर आमच्या हद्दीतल्या शाळेत जागेची खात्री आहे का. वर्ग भरलेला असेल तर हद्दीतल्या मुलालाही दुसऱ्या शाळेत पाठवतात. आमच्या ओळखीत झालंय. आणि इमर्शनच्या शाळेला विचारा, आज पाचवीत किती मुलं आहेत आणि ती तुकडी किंडरगार्टनला सुरू झाली तेव्हा किती होती. त्या दोन आकड्यांतून जे कळेल ते कुठल्याही वेबसाइटवर नाही.

प्रतिसाद ३

मी इथल्या सरकारी शाळेत शिकवते. शाळा कोणतीही घ्या, प्रवेशाच्या वेळी होम लँग्वेज सर्व्हे भरावा लागेल. मूल बोलायला लागलं तेव्हा पहिली भाषा कोणती, घरी कोणती बोलता वगैरे. पहिल्या तीन प्रश्नांपैकी एकातही इंग्लिशखेरीज भाषा लिहिली की एल्पॅक नावाची इंग्लिशची चाचणी घेतात, शाळा सुरू झाल्यापासून तीस दिवसांच्या आत. बरेच आपले पालक घाबरून सगळीकडे "इंग्लिश" लिहितात. कृपया तसं करू नका. तुमच्या मुलीला इंग्लिश चांगलं येत असेल तर ती चाचणीत तशी ठरेलच. नसेल, तर तिला मदत मिळेल, तो तिचा हक्क आहे.

इमर्शनमध्ये अजून एक लक्षात घ्या. दोन्ही भाषांची मुलं मुद्दाम एकत्र बसवतात, साधारण निम्मी घरी स्पॅनिश बोलणारी. खेळताना कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलतं ते मधल्या सुट्टीत जाऊन ऐका. वर्गात तर सगळ्या शाळा छानच दिसतात. मी स्वतः दोन्ही प्रकारच्या शाळांत काम केलंय. पाच वर्षांच्या मुलाला झोप पुरली आणि बाईंचा लळा लागला की ते शिकतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही सांगितलेलं एकेक करत गेले.

एनरोलमेंट ऑफिसने स्पष्ट सांगितलं, की इमर्शन मधेच सोडलं तर जवळच्या शाळेत जागा असेल तरच, नाहीतर जिथे असेल तिथे. पाचवीचे आकडेही विचारले. अठ्ठेचाळीस मुलांनी सुरुवात केली होती, आता एकतीस आहेत. ऑफिसातल्या बाईंनी काही लपवलं नाही, म्हणाल्या, बहुतेक जण दुसरी-तिसरीत गेले, बरेचसे लांब पडतं म्हणून.

मंगळवारी आणि गुरुवारी आम्ही नुसती गाडी काढून जाऊन पाहिलं, लेकीला घेऊन, शाळेच्या वेळेला. अडतीस मिनिटं आणि एक्केचाळीस मिनिटं. गाडीत फक्त मराठीचा नियम लगेच लावला. मंगळवारी मी चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगितली आणि तिने मेणाच्या घराबद्दल इतके प्रश्न विचारले की सिग्नल हिरवा झालेला मला कळला नाही. गुरुवारी ती दोन्ही वेळा झोपली. परतताना मान एका बाजूला कलली होती, हातातलं केळं तसंच. माझी नोकरी आठवड्यातून चार दिवस ऑफिसात जाऊन करायची, नवऱ्याची तीन. सहा वर्षं हे ओढण्याची तयारी आहे का, असं आम्ही एकमेकांना विचारलं. दोघंही गप्प बसलो.

रात्री जागा सोडत असल्याचा ईमेल पाठवला. त्या वर्गातल्या बाई अजून आठवतात. वाईट वाटलं, वाटतंय. पण वेटलिस्टवरच्या कुठल्यातरी घरी आज फोन गेला असेल.

आफ्टरकेअरचं अजून जमलेलं नाही. तोपर्यंत शेजारीण दुपारी तिघांना एकत्र घरी आणेल आणि बुधवारी-शुक्रवारी आम्ही आणू, असं ठरलंय. जवळपास बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमाची रविवारची मराठी शाळा कोणाला माहीत असेल तर जरूर कळवा, पाच वर्षांच्या मुलांना घेतात का तेही.

आज सकाळी चालत शाळेच्या ऑफिसात गेलो. विजेचं बिल, जन्माचा दाखला, लसींची नोंद दिली. सर्व्हेचा कागद हातात घेतला तेव्हा लेक काउंटरला लटकून विचारत होती की मी काय लिहितेय. पहिल्या प्रश्नापुढे मी "मराठी" लिहिलं, आणि तिला वाचून दाखवलं.