बोरघाटाची प्रतिकृती : बोगदा आणि डोंगर कसे करावेत?

प्रश्न
नमस्कार. आठ बाय चार फुटांच्या प्लायवर एचओ, म्हणजे १:८७ या प्रमाणात, मॉडेल रेल्वेसाठी बोरघाटाचा एक तुकडा उभारण्याचा माझा विचार आहे. रुळांची अंडाकृती मांडणी झाली असून आता मागच्या वळणावर बोगदा करायचा आहे. त्याचे तोंड किती रुंद ठेवावे आणि डोंगर सह्याद्रीतला वाटावा यासाठी काय करावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १
नुसत्या डब्याच्या रुंदीवरून माप ठरवू नका, कारण वळणावर लांब डब्याचा मधला भाग आत आणि टोके बाहेर सरकतात. आयसीएफ (आपल्या रेल्वेचा जुन्या पद्धतीचा प्रवासी) डबा या प्रमाणात सुमारे साडेचोवीस सेंटिमीटर भरतो. आपल्याकडच्या सर्वांत लांब डब्याच्या मध्यावर व टोकांना पेन्सिली चिकटवून तो वळणावरून हाताने सावकाश ढकलावा आणि उमटलेल्या रेषांपासून सेंटिमीटरभर जागा सोडूनच भिंत उभी करावी. याहूनही महत्त्वाचे म्हणजे डोंगराची मागची बाजू उघडी ठेवावी. रूळ पुसायला आणि घसरलेला डबा काढायला हात आत जायलाच हवा.

उत्तर २
चढ दाखवण्याचा मोह होईल, पण हिशेब आधी करावा. घाटातला १:३७ चा चढ म्हणजे मीटरमागे सुमारे २.७ सेंटिमीटर. एका रुळावरून दुसरा नेण्यासाठी आठ सेंटिमीटर उंची धरली, तर जवळपास तीन मीटर चढण आणि तेवढीच उतरण लागेल. त्यापेक्षा रूळ सपाट ठेवून पुढचा प्लाय कापावा आणि तिथे दरी उतरवावी, असे माझे मत आहे.

उत्तर ३
सह्याद्रीची ओळख त्याच्या आडव्या थरांत आहे. त्यामुळे टोकदार सुळके न करता थर्मोकोलचे तक्ते एकावर एक आडवे रचावेत, कडा सुरीने ओबडधोबड तासाव्यात आणि वरून प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या बसवाव्यात. चिकटवायला पांढरा फेविकॉलच घ्यावा. सॉल्व्हंटचा गोंद किंवा स्प्रे पेंट थर्मोकोल विरघळवतो. बेसॉल्टसाठी, म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या खडकासाठी, निव्वळ काळा रंग फार जड दिसतो, म्हणून गडद राखाडी रंगावर पातळ तपकिरी पाणी सोडून ते कपारींत मुरू द्यावे. गवताआधी ऋतू ठरवावा : श्रावणातला घाट हवा असेल तर हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा आणि कड्यांवरून पांढऱ्या धारा, वैशाखातला हवा असेल तर काथ्याचे पिवळट तंतू.